घरातला भावी डॉक्टर आणि फोनवरचा दवाखाना

शिरोळ, जयसिंगपूर, कुरुंदवाडच्या बाजारपेठेत रात्री दुकानांची दारे ओढली जातात, दिवसभराचा हिशेब जुळवून वही बंद होते आणि मग ज्या घरातील मुलगा अथवा मुलगी वैद्यकीय शिक्षण घेत असते, त्या घरातून वसतिगृहात फोन जातो. कोल्हापूर, मिरज, सांगली अथवा त्याहून दूरच्या एखाद्या महाविद्यालयात तो वाजतो. खुशालीचे दोन शब्द होतात आणि लगेच मुख्य विषय निघतो. आजीची सकाळची साखर वाढलेली आली आहे, गोळी अर्धी वाढवावी का? अण्णांच्या छातीत जळजळते आहे, ते पित्तच असेल ना? काकूंच्या रक्ततपासणीचा कागद घरच्या व्हॉट्सॲप समूहावर टाकला आहे, तेवढा पाहून ठेव.

पलीकडे ऐकणारी मुलगी बहुधा दुसऱ्या वर्षात शिकत असते. विकृतिशास्त्र, औषधशास्त्र आणि सूक्ष्मजीवशास्त्राची जाड पुस्तके तिच्यासमोर उघडी असतात. रुग्णाच्या पोटावर हात ठेवून तपासण्याचा सराव तिने नुकताच कुठे सुरू केलेला असतो. तरी घर तिला ‘आमची डॉक्टर’ म्हणते आणि तिच्या उत्तराची वाट पाहते. कोणत्याही ॲपवर नोंद नसलेली, शुल्क नसलेली आणि रात्री कितीही वाजता उपलब्ध असलेली ही घराची पहिली ऑनलाइन आरोग्यसेवा होय.

आरोग्यसेवा फोनवर येऊन पोहोचली, हे आता नवे राहिलेले नाही. डॉक्टरांचा सल्ला, औषधे, तपासण्यांचे अहवाल आणि मन हलके करण्यासाठीचा आधार, असे सारे काही पडद्यावर मिळू लागले आहे. यातील काय घ्यावे आणि कशासाठी दवाखान्याची पायरी चढावी, हा प्रश्न आता प्रत्येक घरापुढे आहे. या प्रश्नाकडे वैद्यकीय विद्यार्थी कसे पाहतात, हे जाणून घेणे म्हणूनच उपयोगाचे ठरते. ते मोबाइलच्या पिढीतले आहेत आणि शरीर वाचण्याची विद्याही शिकत आहेत. दोन्ही बाजू त्यांना दिसतात.

हाताला जे कळते

वैद्यकीय विद्यार्थ्याला रुग्णतपासणीचे चार टप्पे शिकवले जातात: पाहणे, स्पर्श करणे, बोटाने ठोकून आवाज ऐकणे आणि स्टेथोस्कोप लावून ऐकणे. यांपैकी ठोकून पाहण्याची पद्धत ऑस्ट्रियातील लिओपोल्ड आउएनब्रुगर या वैद्याने १७६१ मध्ये जगापुढे मांडली. त्याचे वडील सराई चालवत. पिंपात द्रव कुठपर्यंत भरला आहे हे बाहेरून ठोकून ओळखण्याची रीत त्याने लहानपणी घरी पाहिली होती आणि तीच पुढे त्याने छातीत साचलेले पाणी ओळखण्यासाठी वापरली, असे सांगतात. व्यापारी घरातल्या मुलाने दुकानातली पारख वैद्यकात नेली, असेच म्हणावे लागेल.

स्टेथोस्कोपची कथा याहून बोलकी आहे. १८१६ मध्ये पॅरिसच्या रेने लाएनेक यांच्यापुढे एक तरुण स्त्री रुग्ण म्हणून आली. छातीला कान लावून ऐकणे संकोचाचे होते. त्यांनी कागदाची गुंडाळी केली, एक टोक तिच्या छातीवर व दुसरे स्वतःच्या कानाला लावले आणि हृदयाचे ठोके पूर्वीपेक्षा स्पष्ट ऐकू आले. डॉक्टर आणि रुग्ण यांच्यात थोडे अंतर ठेवूनही तपासणी चांगली होऊ शकते, हे त्या दिवशी दिसले. फोनवरचा सल्ला हे त्याच अंतराचे पुढचे रूप आहे. मात्र कागदाच्या गुंडाळीतून हृदयाचा आवाज येत होता. फोनमधून येते ते केवळ रुग्णाने केलेले वर्णन आणि कॅमेऱ्याने टिपलेले चित्र.

पोटदुखीचेच उदाहरण घ्यावे. पोटाच्या उजव्या खालच्या भागावर हळूच दाब देऊन हात पटकन उचलला असता कळ वाढते का, हे पाहून डॉक्टरांना आंत्रपुच्छाच्या सुजेचा अंदाज येतो. ही कळ कॅमेऱ्यात दिसत नाही. डोळ्यांतील पिवळेपणा दिव्याच्या पिवळ्या उजेडात चुकीचा भासू शकतो. फुप्फुसातील घरघर कोणत्या भागातून येते, हे ध्वनिचित्रातून सांगता येत नाही.

गुळाचा व्यवहार करणाऱ्याला हे समजावून सांगावे लागत नाही. ओळखीच्या पेढीचा नेहमीचा माल फोनवर मागवता येतो. नवा माल मात्र रवा फोडून, कण जिभेवर ठेवूनच पारखावा लागतो. ज्या आजाराचे निदान आधी झाले आहे, ज्याचे औषध चालू आहे आणि ज्याच्यावर केवळ लक्ष ठेवायचे आहे, तो नेहमीच्या मालासारखा होय. नव्याने उद्भवलेला त्रास हा नवा माल आहे.

विद्यार्थ्यांचा कल

कोविडच्या काळात जगभरातील वैद्यकीय महाविद्यालयांचे वर्ग ऑनलाइन झाले आणि अनेक रुग्णालयांचे बाह्यरुग्ण विभागही फोनवर आले. त्यानंतर विद्यार्थ्यांना दूरवैद्यकाविषयी काय वाटते, याचे अभ्यास भारतात व परदेशात झाले. त्यांतून उमटणारे चित्र पुष्कळसे सारखे आहे. बहुतेक विद्यार्थी ऑनलाइन सेवेच्या बाजूने बोलतात. वेळ वाचतो, दूरच्या रुग्णाला तज्ज्ञ मिळतो, फेरतपासणी सोपी होते, असे त्यांना वाटते. त्याच वेळी शारीरिक तपासणी होत नाही, माहितीची गुप्तता किती राहील याची खात्री नाही आणि या पद्धतीचे रीतसर शिक्षण पुरेसे मिळालेले नाही, या तीन शंकाही ते आवर्जून मांडतात.

आणखी एक बाब देशोदेशींच्या अभ्यासांत वारंवार आढळली आहे. वैद्यकीय विद्यार्थी स्वतः आजारी पडले की पुष्कळदा डॉक्टरांकडे जातच नाहीत. पुस्तकात वाचलेले औषध ते स्वतःच ठरवतात किंवा वरच्या वर्षातील मित्राला संदेश पाठवून विचारतात. जी सवय इतरांना सोडायला त्यांनी पुढे आयुष्यभर सांगायचे, ती वसतिगृहातच लागते. घरून येणाऱ्या फोनला चटकन उत्तर देण्याची सवयही याच स्वभावातून वाढते.

नियम काय सांगतात

फोनवरील उपचारांविषयी भारतात दीर्घकाळ स्पष्ट नियम नव्हते. जुलै २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने रत्नागिरीतील एका प्रकरणात, रुग्णाला न तपासता फोनवरून उपचार सांगण्याविषयी कठोर निरीक्षणे नोंदवली आणि राज्यभरातील डॉक्टरांत चिंतेचे वातावरण पसरले. पुढे टाळेबंदी लागू झाली त्याच दिवशी, २५ मार्च २०२० रोजी, केंद्र शासनाने दूरवैद्यक व्यवसायाची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली आणि फोनवरील सल्ल्याला कायदेशीर चौकट मिळाली.

या चौकटीतील काही गोष्टी प्रत्येक घराला ठाऊक असाव्यात. फोनवर वैद्यकीय सल्ला देण्याचा अधिकार केवळ नोंदणीकृत डॉक्टरांना आहे. डॉक्टरांनी आपली ओळख सांगणे, रुग्णाची ओळख व वय विचारणे आणि दिलेल्या सल्ल्याची नोंद ठेवणे आवश्यक आहे. चिठ्ठीवर त्यांचा नोंदणी क्रमांक असला पाहिजे. फोनवर भागणार नाही असे डॉक्टरांना वाटले, तर रुग्णाला प्रत्यक्ष येण्यास सांगण्याचा निर्णय सर्वस्वी त्यांचा असतो. औषधांचेही गट पाडले आहेत. काही साधी औषधे कोणत्याही माध्यमातून सांगता येतात, काहींसाठी पहिला सल्ला ध्वनिचित्रावरच व्हावा लागतो, काही केवळ जुन्या रुग्णाला चालू उपचारात देता येतात, तर गुंगीची व सवय लावणारी औषधे फोनवर देण्यास मनाई आहे. संगणकीय बुद्धिमत्तेवर चालणाऱ्या यंत्रणेने स्वतःहून रुग्णाला सल्ला देणे अथवा औषध लिहून देणे यालाही या तत्त्वांत परवानगी नाही.

ज्या कुटुंबांचा औषधविक्रीचा व्यवसाय आहे, त्यांना यातील अर्थ लगेच उमगेल. नोंदणी क्रमांक नसलेली, कोणी कोणाला पाठवली हे न कळणारी चिठ्ठीची छबी घेऊन कोणी आले, तर काउंटरवर उभ्या असलेल्या माणसाचीही जबाबदारी सुरू होते.

आणि वसतिगृहातल्या त्या मुलीचे काय? शिकत असलेला विद्यार्थी नोंदणीकृत डॉक्टर नसतो. आजीची गोळी वाढवण्याचा सल्ला देण्याचा अधिकार तिला नियमाने नाही. अनुभवही नाही. घराने विचारलेला प्रश्न मायेचा असतो, पण उत्तराचे ओझे एकोणीस-वीस वर्षांच्या जिवावर पडते. उत्तर चुकले, तर ते तिला जन्मभर विसरता येणार नाही.

पाणी चढते तेव्हा

तरीही फोनवरच्या दवाखान्याला शिरोळ तालुक्यात एक वेगळे महत्त्व आहे. नृसिंहवाडीला पंचगंगा कृष्णेला मिळते आणि पावसाळ्यात या दोन नद्यांचे पाणी तालुक्याचा मोठा भाग व्यापते. २००५, ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या महापुरांच्या आठवणी येथील प्रत्येक घरात आहेत. २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूर रस्ता बंद पडला, पुणे-बंगळूर महामार्ग कोल्हापूरजवळ अनेक दिवस पाण्याखाली राहिला आणि कितीतरी गावांतील माणसांना नावेतून बाहेर काढावे लागले. एरवी मिरज तासाभराच्या अंतरावर. डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ मध्ये तेथे रुग्णालय उभारल्यापासून या परिसरातील माणूस उपचारांसाठी मिरजेची वाट धरत आला आहे. पण मध्ये कृष्णा आहे आणि ती फुगली की ती वाट संपते.

अशा दिवसांत रक्तदाबाची गोळी संपलेली असते, इन्सुलिन ठेवायला वीज नसते, गरोदर सुनेचा महिना भरत आलेला असतो. तेव्हा पलीकडच्या काठावरील डॉक्टरांचा आवाज ऐकू येणे ही लहान गोष्ट राहत नाही. केंद्र शासनाची ‘ई-संजीवनी’ ही मोफत सेवा याच हेतूने आहे. तिच्या एका पद्धतीत आरोग्य केंद्रातील कर्मचारी रुग्णाला समोर बसवून दूरच्या डॉक्टरांशी जोडून देतो. दुसरी, एप्रिल २०२० मध्ये सुरू झालेली पद्धत घरातूनच डॉक्टरांशी बोलण्याची आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये या सेवेने देशभरात १० कोटी सल्ल्यांचा टप्पा ओलांडला.

पहिल्या पद्धतीत एक शहाणपण आहे. रुग्णाजवळ कोणीतरी प्रशिक्षित माणूस असतो, जो रक्तदाब मोजतो, नाडी पाहतो आणि जे दिसते ते नेमक्या शब्दांत डॉक्टरांना सांगतो. घरातला वैद्यकीय विद्यार्थी सुट्टीत घरी आला असता नेमके हेच काम उत्तम करू शकतो. निर्णय डॉक्टरांचा, नेमके वर्णन विद्यार्थ्याचे. अलीकडे एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात प्रत्येक विद्यार्थ्याने गावातील काही कुटुंबे ‘दत्तक’ घेऊन त्यांच्या आरोग्याची वाटचाल पाहण्याचा उपक्रमही समाविष्ट झाला आहे. औषध लिहून देण्याचा अधिकार येण्यापूर्वीच माणसे ओळखायला शिकावे, असा त्यामागचा विचार आहे.

व्रत आणि गोळीची वेळ

पडद्यावरच्या डॉक्टरांना एक गोष्ट आपोआप कळत नाही: रुग्णाच्या घरची रीत. अनेक घरांत ज्येष्ठ मंडळी सूर्यास्तानंतर अन्न घेत नाहीत, काही पाणीही घेत नाहीत. पर्युषण, दशलक्षण पर्वात एकासने आणि उपवास होतात. दूरच्या शहरातील डॉक्टर ‘रात्री जेवणानंतर एक गोळी’ असे लिहितात. आजी ती गोळी एकतर घेतच नाहीत, किंवा संध्याकाळी सहाच्या जेवणाला घेतात आणि दुसऱ्या दिवशी उपवास असला तरी सकाळची गोळी नेमाने घेतात.

येथे धोका खरा आहे. मधुमेहाच्या काही गोळ्या आणि इन्सुलिन पोटात अन्न असेल या हिशेबाने दिलेले असतात. उपाशीपोटी ते घेतले, तर साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. घाम येतो, हात थरथरतात, बोलणे असंबद्ध होते आणि शुद्ध हरपू शकते. लघवीचे प्रमाण वाढवणारी रक्तदाबाची औषधे निर्जल उपवासात शरीरातील पाणी आणखी कमी करतात. यावर मार्ग आहे आणि तो फोनवरही मिळू शकतो: पर्वाच्या काही दिवस आधी, आजींना ओळखणाऱ्या नेहमीच्या डॉक्टरांना व्रताचे स्वरूप स्पष्ट सांगावे आणि त्या दिवसांसाठी औषधांच्या वेळा व प्रमाण लिहून घ्यावे. उपचार चालू आहे, डॉक्टर परिचित आहेत, केवळ वेळांचा मेळ घालायचा आहे. फोनवरच्या सल्ल्याला याहून योग्य काम दुसरे कोणते? घरातील विद्यार्थ्याने गोळी बदलून देऊ नये. डॉक्टरांना काय विचारायचे त्याची यादी मात्र जरूर करून द्यावी.

भावी डॉक्टर स्वतः रुग्ण असतो तेव्हा

आजवर फोन घरातून वसतिगृहाकडे गेला. वसतिगृहातून घराकडे काय येते, याचाही विचार करावयास हवा.

राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी कृतिगट नेमला होता. त्याचा अहवाल २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यासाठी घेतलेल्या ऑनलाइन पाहणीत २५,५९० पदवीपूर्व विद्यार्थ्यांनी स्वेच्छेने उत्तरे दिली. त्यांतील २७.८ टक्के विद्यार्थ्यांनी आपल्याला मानसिक आरोग्याची समस्या असल्याचे नोंदवले आणि १६.२ टक्के विद्यार्थ्यांनी आत्मघाताचे विचार मनात येऊन गेल्याचे सांगितले. मदत का घेतली नाही, याच्या उत्तरांत बदनामीची भीती आणि गुप्तता राहील की नाही ही शंका पुढे आली. महाविद्यालयाच्याच रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो. पण तेथील डॉक्टर हेच शिक्षक, तेथील परिचारिका रोजच्या ओळखीच्या, तेथील बाकावर बसलेले वर्गमित्र पाहणार. सर्वांत जवळचा दवाखाना त्याच कारणाने सर्वांत दूरचा होतो.

या एका बाबतीत वैद्यकीय विद्यार्थ्याला ऑनलाइन सेवा जवळची का वाटावी, हे सहज समजते. देहाच्या नव्या दुखण्याला हात लागतो. मनाच्या दुखण्याला प्रथम कान लागतो, आणि कान फोनवरही मिळतो. १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेली शासनाची ‘टेलि-मानस’ सेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस, मोफत उपलब्ध आहे आणि तेथे मराठीतून बोलता येते. वैद्यकीय महाविद्यालयांतही या सेवेचा आधार मिळावा, अशी शिफारस कृतिगटाने केली आहे.

व्यापारी कुटुंबांनी येथे क्षणभर थांबून विचार करावा. ‘नीट’चा निकाल लागतो तेव्हा चौकात अभिनंदनाचा फलक लागतो, समाजाच्या कार्यक्रमात गुणगौरव होतो, मासिकात छायाचित्र छापून येते. हे सारे योग्यच आहे. पण त्या फलकाखाली उभ्या राहिलेल्या मुलाला पुढे कधी ‘मला जमत नाही’ असे म्हणावेसे वाटले, तर ते कोणाला सांगायचे? ज्या घराचा तो ‘डॉक्टर’ झाला आहे, त्या घरासमोर रुग्ण होणे त्याला फार कठीण जाते. दुकानात एखाद्या हंगामात खोट आली, तर वडीलधारी माणसे भांडवल सांभाळून पुढच्या हंगामाची वाट पाहतात. परीक्षेतील एका अपयशालाही तोच धीर घराने द्यावा.

घरासाठी काही सूत्रे

या साऱ्याचा सारांश घरात पाळता येईल अशा काही नियमांत मांडता येतो.

छातीत दुखणे, श्वास लागणे, तोंड वाकडे होणे, एका बाजूची शक्ती जाणे, बोलणे अडखळणे, शुद्ध हरपणे, मुलाला आकडी येणे, रक्तस्राव, पोटात असह्य कळ, उसाच्या फडात अथवा पुराच्या पाण्यात झालेला सर्पदंश, यांसाठी कोणताही ऑनलाइन सल्ला शोधू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि रुग्णालय गाठावे.

नवा त्रास प्रथम प्रत्यक्ष दाखवावा. चालू उपचारांची फेरतपासणी, अहवाल दाखवणे, औषधांच्या वेळा आणि तज्ज्ञाचे दुसरे मत यांसाठी फोन वापरावा. समोर नोंदणीकृत डॉक्टर आहेत याची खात्री करावी.

घरातील प्रत्येक ज्येष्ठाची एक वही असावी. चालू औषधे, त्यांचे प्रमाण, कशाची ॲलर्जी आहे, पूर्वीच्या शस्त्रक्रिया, उपवासाची रीत, नेहमीच्या डॉक्टरांचा क्रमांक, हे सारे तीत असावे. पावसाळ्याच्या आरंभी तिची प्रत आणि काही दिवसांची औषधे कोरड्या पिशवीत ठेवावीत. दुकानाचे खाते जो नेमाने लिहितो, त्याला हे अवघड नाही.

अहवालाचे कागद मोठ्या कौटुंबिक समूहावर टाकू नयेत. काकूंच्या गर्भाशयाची तपासणी चुलत-मावस भावंडांच्या चाळीस फोनवर जावी, याचे काही कारण नाही.

घरातील विद्यार्थ्याला विचारायचेच असेल, तर ‘कोणती गोळी घेऊ’ असे न विचारता ‘कोणत्या डॉक्टरांकडे जाऊ आणि त्यांना काय विचारू’ असे विचारावे. या प्रश्नाचे उत्तर देण्याइतके ज्ञान त्याच्याकडे आहे. ‘मला ठाऊक नाही, डॉक्टरांना दाखवा’ असे तो म्हणाला, तर फी वाया गेली असे मानू नये. त्याचे शिक्षण योग्य मार्गाने चालले आहे, असे समजावे.

रात्रीचा फोन बंद करण्याची गरज नाही. दुकान बंद करून, वही मिटून तो जरूर करावा. आजीच्या गोळीचा प्रश्न सकाळी तिच्या डॉक्टरांसाठी राखून ठेवावा आणि वसतिगृहातल्या मुलीला विचारावे की झोप पुरेशी होते का, खानावळीत सूर्यास्तापूर्वी जेवण मिळते का, आणि मन लागते आहे ना. शेवटच्या प्रश्नानंतर थोडे थांबावे. उत्तर यायला कधीकधी वेळ लागतो.